स्क्रोल सॉवर सणाच्या भेटवस्तू: लटकन, पझल, नावाची पाटी की जाळीकाम, काय करायला घ्यायचं?

सणाला हाताने बनवलेलं काहीतरी द्यायचं ठरलंय, स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात नक्षी कापणारं मशीन) घरात आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय, आणि पॅटर्न बघायला बसलं की सगळंच करावंसं वाटतं. तर आधी एकच काम करा, आवडलेल्या पॅटर्नमध्ये आतली भोकं किती आहेत ती मोजा. बाहेरची आउटलाइन कितीही वळणांची असली तरी ती एका दमात कापता येते, पण आतला प्रत्येक बंद आकार म्हणजे ड्रिलने भोक पाडा, ब्लेडचं एक टोक सोडवा, भोकातून ओवा, परत क्लॅम्प करा, टेन्शन द्या (म्हणजे ब्लेड ताणून घट्ट करा), कापा, टेन्शन सोडा, ब्लेड काढा आणि पुढच्या भोकाकडे वळा. हात बसलेला असला तरी एका भोकामागे मिनिटभर यातच जातं, म्हणजे ८० भोकांची जाळी असेल तर सव्वा तासाच्या वर नुसतं ओवण्यात गेला, कापायचा वेळ वेगळाच. वस्तू मोठी की छोटी यावरून लोक वेळेचा अंदाज बांधतात आणि तिथेच गणित चुकतं. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे, खालची तुलनाही त्याच नजरेने वाचा.

हाताची फ्रेटसॉ की मशीन

एक-दोनच वस्तू करायच्या असतील तर हाताची फ्रेटसॉ पुरते, खरंच पुरते. लांब यू आकाराची फ्रेम, बारीक ब्लेड, आणि टेबलाच्या कडेला क्लॅम्प केलेली व्ही खाच असलेली फळी, बस. दात हँडलकडे वळवून लावायचे म्हणजे खाली ओढताना कापतं आणि लाकूड फळीवर दाबलं जातं. बऱ्याच फ्रेटसॉला तीच ५ इंची बिनपिनची (टोकांना आडवी पिन नसलेली) ब्लेडं लागतात जी स्क्रोल सॉला लागतात, त्यामुळे उद्या मशीन घेतलं तरी ब्लेडं वाया जात नाहीत. ३ ते ६ मिमी प्लायला हे छान आहे, आवाज नाही, रात्री बसूनही करता येतं. कोपिंग सॉ दिसायला तशीच असते पण तिचं ब्लेड जाड आणि फ्रेम कमी खोल, साध्या आउटलाइनला ठीक, बारीक नक्षीला नको.

पण हाताने ब्लेड काटकोनात ठेवणं पूर्णपणे मनगटावर असतं, आणि लाकूड जाड झालं की वरची रेष बरोबर आणि खालची भलतीकडे असं होतं. मशीनवर ब्लेड उभंच वर-खाली होतं, दोन्ही हात लाकूड फिरवायला मोकळे राहतात, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे थर रचून एकदम पाच-सहा नग कापता येतात. दहा-बारा जणांना द्यायचं असेल तर मशीनच.

मशीन घ्यायचंच असेल तर एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, बिनपिनची ब्लेडं लागतात का. स्वस्तातली काही मशीनं फक्त पिनवाली ब्लेडं घेतात. पिन भोकातून जायला हवी म्हणजे भोक ४-५ मिमीचं पाडावं लागतं, आणि बारीक जाळीत तेवढी जागाच नसते. बिनपिनच्या बारीक ब्लेडला दीड मिमीचं भोक चालतं. बाकी १६ इंच की २० इंच थ्रोट (ब्लेडपासून मशीनच्या मागच्या भागापर्यंतची जागा), वेग कमी-जास्त करता येतो की नाही, हे नंतरचं. भेटवस्तूंना १६ इंच भरपूर झाला.

लेसर कटरचं काय, हेही बरेच जण विचारतात. एकसारखे ५० नग हवेत आणि नक्षी केसासारखी बारीक हवी तर लेसर जिंकतो, यात वाद नाही. पण कडा जळून तपकिरी होतात, जळका वास बरेच दिवस रेंगाळतो, आणि जाड भरीव लाकडात त्याला दम लागतो. स्क्रोल सॉची कड लाकडाच्या मूळ रंगाची राहते, आणि अक्रोड किंवा मेपलसारख्या लाकडात तर कडच बघण्यासारखी असते.

लटकन आणि छोटे शोभेचे तुकडे

जास्त माणसं, कमी दिवस, तर हेच. ३ मिमी बर्च प्लायचे सहा तुकडे एकावर एक रचले की १८ मिमी होतात, चारी बाजूंनी मास्किंग टेप गुंडाळा किंवा टाकाऊ भागात बारीक खिळे मारा, वर पॅटर्न चिकटवा आणि ५ नंबरच्या ब्लेडने कापा (नंबर मोठा तसं ब्लेड दांडगं). एका कापण्यात सहा नग, आणि भोकंसुद्धा सहांना मिळून एकदाच ओवायची. रिव्हर्स टूथ ब्लेड घ्या, त्याचे खालचे काही दात उलटे असतात म्हणून सगळ्यात खालच्या प्लायच्या मागच्या बाजूला चिरफाळ्या कमी निघतात. ३ मिमीचा एकच थर कापायचा असेल तर मात्र ५ नंबर दांडगा पडतो, १ ते ३ नंबर लावा किंवा खाली एक टाकाऊ प्लाय जोडून घ्या.

इथे भरीव लाकूड वापरायचा मोह आवरा. पातळ भरीव लाकडात नक्षीचा नाजूक भाग रेषांना आडवा आला की बोटाच्या दाबाने तुटतो. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो टिकतो.

पझल

लहान मुलाला द्यायचं असेल तर माझं मत पझलकडेच. दीड-दोन सेंमी जाड लाकडातला प्राणी, पाच-सहा तुकड्यांत कापलेला, आपल्या पायांवर उभा राहणारा. आतली भोकं शून्य किंवा फार तर डोळ्याचं एक, म्हणजे वेळ कमी लागतो, आणि मूल ते वर्षानुवर्षं हाताळतं.

पण पझलला काटकोन लागतो म्हणजे लागतोच. टेबल अर्धा अंश जरी कललेलं असलं तरी तुकडे एका बाजूने सरकतात आणि दुसऱ्या बाजूने अडकतात. छोटा गुण्या ब्लेडला लावून बघतातच सगळे, पण ब्लेड इतकं बारीक असतं की नजर फसते. त्यापेक्षा हे करा: जाड टाकाऊ तुकडा घ्या, त्याच्या कडेला दोन-तीन मिमीचा छोटा काप द्या, मशीन बंद करा, तुकडा उचलू नका तर टेबलावरच अर्धा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला आणा आणि तो काप ब्लेडच्या पाठीवर सरकवून बघा. ब्लेड वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर टेबल बरोबर, वर किंवा खाली टेकलं तर स्क्रू सैल करून टेबल हलवा आणि नवीन काप देऊन परत बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पझलचं सगळं यश त्यावर आहे.

तीन वर्षांखालच्या मुलाला देणार असाल तर तोंडात जाईल एवढा तुकडा एकही ठेवू नका. कडा गोल करा, प्लायऐवजी भरीव लाकूड घ्या, आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर नकोच, ओल लागली की फुगतं.

नावाची पाटी

सगळ्यात वैयक्तिक भेट हीच, आणि देवनागरीत ती रोमनपेक्षा सोपी जाते कारण शिरोरेषा अक्षरांना आपोआप धरून ठेवते, खाली वेगळा बेस लागत नाही. तरी तीन ठिकाणी गडबड होते. पहिलं म्हणजे अनुस्वार. तो टिंब कशालाच चिकटलेला नसतो, कापला की सुटा होऊन पडतो, म्हणून एकतर तो शिरोरेषेला टेकवून काढा नाहीतर मागे पातळ प्लायची पाठ लावून त्यावर चिकटवा. दुसरं, ध आणि भ. यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. ‘माधव’ कापलं तर मा वेगळा आणि धव वेगळा असे दोन तुकडे हातात येतात. तिथे ध ची गाठ मा च्या कान्याला किंचित टेकवून काढावी लागते, किंवा रेष सरळ पुढे न्यावी लागते, मग तो घ सारखा दिसू नये म्हणून गाठ नीट ठसठशीत ठेवायची. तिसरं, व, ब, क, म यांची पोटं बंद असतात, म्हणजे तिथे भोकं आली. नाव निवडता येत नाही हे खरं, पण कागदावर लिहून पोटं मोजली की वेळ कळतो.

फॉन्ट जाड घ्या. बारीक कॅलिग्राफी कागदावर सुंदर दिसते, पण जिथे रेघ निमुळती होते तिथेच लाकूड तुटतं. एका घरासाठी एक पाटी, १२ ते १८ मिमी जाडी, उभी राहील अशी, एवढं एका संध्याकाळी आरामात होतं.

जाळीकाम आणि चेहरे

बघणाऱ्याचा श्वास थांबतो तो याच कामाने, हे मान्यच. आणि म्हणूनच सणाला दोन आठवडे राहिले असताना याला हात लावू नका असं मी कळकळीने सांगेन. शंभर-दीडशे भोकं असतात, काम पुढे जाईल तसं लाकूड नाजूक होत जातं, आणि शेवटच्या टप्प्यात एक पूल (दोन भोकांमधली लाकडाची बारीक पट्टी) तुटला तर आधीची सगळी मेहनत डोळ्यांदेखत धोक्यात येते. एका खास माणसासाठी, भरपूर वेळ हाताशी ठेवून करायचं हे काम आहे.

करणारच असाल तर मधल्या आणि लहान भोकांपासून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे बाजूचं लाकूड शेवटपर्यंत आधार देतं. मोठे पोकळ भाग सगळ्यात शेवटी. चेहऱ्याच्या पॅटर्नला स्पायरल ब्लेड वापरतात कारण ते चहूबाजूंनी कापतं, लाकूड फिरवावं लागत नाही, मोठी फ्रेम असेल तर ते उपयोगीच. पण त्याचा काप रुंद आणि खडबडीत येतो आणि सरळ रेष धरायला ते फार त्रास देतं. भौमितिक जाळीला साधं चपटं ब्लेडच बरं.

कंपाऊंड कट: याच्याकडे फार जण बघत नाहीत

चौकोनी ठोकळा, साधारण ३५-४० मिमीचा, त्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर पॅटर्न चिकटवायचा. एक बाजू कापली की निघालेले सगळे तुकडे परत जागेवर बसवून टेप गुंडाळायचा, मग ठोकळा फिरवून दुसरी बाजू कापायची. टेप सोडला की आतून चारी बाजूंनी वळणं असलेली आकृती बाहेर येते, पक्षी, घोडा, बुद्धिबळाची प्यादी, काहीही. लटकनापेक्षा किती तरी जास्त मेहनतीचं दिसतं, आणि बऱ्याच पॅटर्नना आतलं एकही भोक नसतं. पाइनसारखं मऊ लाकूड घ्या, घाई करून ढकलू नका, नाहीतर ब्लेड पोटात वाकतं आणि आकृती एका अंगाने फुगते. एकच अट, आधी मशीनला केवढी उंची कापता येते ते बघा, बऱ्याच मशीनची मर्यादा ५० मिमीच्या आसपास असते. कमी दिवसांत भारी दिसणारं काहीतरी हवंय असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच असतं.

झाकणाचे डबे आणि रंगीत इनले (एका लाकडात दुसऱ्या रंगाचं लाकूड बसवणं) यावेळी बाजूला ठेवा, त्यात कापण्यापेक्षा गोंद सुकण्याची वाट बघण्यातच दिवस जातात.

मग तुम्ही काय घ्यायचं

दहापेक्षा जास्त माणसं आणि सगळ्यांना सारखं द्यायचं तर थर रचून लटकन. मुलं असतील तर पझल. एकेका घराला आपलं वाटेल असं हवं तर नावाची पाटी. नवखे असाल आणि तरी छाप पाडायची असेल तर कंपाऊंड. जाळीकाम एकाच माणसासाठी, तेही दोन महिने आधी सुरू करणार असाल तर.

लाकडाबद्दल थोडं. सागवान दिसतं देखणं पण त्यात सिलिका असते, ब्लेडं पटापट बोथट होतात, जास्तीची आणून ठेवा. मेपल आणि चेरी घासून जळतात, कापताना धूर आणि काळे डाग दिसतात, पॅटर्नवर पारदर्शक पॅकिंग टेप लावला की हे खूपच कमी होतं. आणि लाकूड सरळ ढकललं तरी ब्लेड एका बाजूला ओढतंय असं दिसलं तर मशीन खराब समजू नका. बऱ्याच ब्लेडांना दात पाडताना एका अंगाला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ती ओढतातच, लाकूड थोडं तिरकं धरून ढकलायची सवय करायची. बारीक भुसा फुफ्फुसांना वाईट, मास्क आणि चष्मा कायम.

शेवटचे दिवस फिनिशसाठी राखून ठेवा, हे फार जण विसरतात. शेलॅक (लाखेपासून केलेलं पॉलिश) तासाभरात हाताला कोरडं लागतं, म्हणून घाईच्या वेळी तेच. तेलाचं फिनिश जाळीत खोलवर जातं आणि लाकूड उजळतं, पण नीट सुकायला बरेच दिवस लागतात आणि ओलं गुंडाळलं तर कागद चिकटतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर उघडी पसरून कडक वाळवा आणि मगच फेका. आणि थरात एक-दोन नग जास्तीचे कापून ठेवा, सँडपेपर मारताना एखादा तुटतोच, शिवाय ऐन वेळी यादीत एखादं नाव वाढतंच.