सहा इंची डॉब्सोनियन आणि बावीस मुलांची रांग: सात महिन्यांनंतर

शाळेत आठवी-नववीसाठी आकाशदर्शनाचा वर्ग सुरू करायचं ठरलं आणि दुर्बीण निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५, ढग नसले की दर शनिवारी ती साताऱ्यात शाळेच्या मैदानावर लागली. त्यावरून हे लिहितेय.

कपाटात ६० मिमीची एक भेट आलेली दुर्बीण आधीच होती. खोक्यावर ठळक छापलेलं: ५२५ पट! पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपुढे वर्धन नेलं की चित्र फक्त फुगतं आणि धूसर होतं. म्हणजे हिची मजल १२०. तेवढीही गाठता येईना, कारण तिपाई. फोकसला बोट लावलं की चंद्र थरथरायचा. सोबत आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा सूर्याचा फिल्टर होता, तो मी फोडून टाकला. एकवटलेली उष्णता त्या इवल्या काचेवर येते, ती तडकली तर डोळाच जातो. सूर्य बघायचा तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर हवा.

मग दोन पर्याय उरले: विषुववृत्तीय (ताऱ्यांच्या मागोमाग फिरवता येणाऱ्या) स्टँडवरची १३० मिमी, नाहीतर डॉब्सोनियन बैठकीवरची १५० मिमी, म्हणजे सहा इंची. पहिलीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावावा लागतो. साताऱ्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर, आमच्या मैदानावरून तर इमारतीमागेच. म्हणून डॉब घेतली. ही बैठक म्हणजे फिरणारी लाकडी पेटी. ती लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या रामकृष्ण परंपरेतल्या मठात संन्यासी होते, हे मुलांना फार आवडलं.

खरी परीक्षा रांगेची. आमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. त्याला आयपीसच्या मिलिमीटरनी भागलं की वर्धन मिळतं. २५ मिमीचा आयपीस लावला तर वर्धन ४८, १० मिमीचा लावला तर १२०. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे १२० पटीला गुरू या कडेपासून त्या कडेपर्यंत पावणेदोन मिनिटांत सरकतो, ४८ला सव्वाचार मिनिटं टिकतो. पहिल्या शनिवारी मी हौसेनं १० मिमी लावला. तिसऱ्या मुलालाच "बाई, गुरू पळाला!" आता रांगेला कायम २५ मिमी. चार चंद्र त्यातही स्वच्छ दिसतात, आणि पळालेला गुरू नळी हलकेच ढकलून मुलं स्वतःच परत आणतात. चष्मेवाल्यांनाही हाच सोयीचा. दहाला डोळा अगदी काचेला चिकटवावा लागतो.

शनीनं मात्र निराश केलं. त्या हिवाळ्यात कडी जवळजवळ आडवी होती, टाचणी टोचलेल्या मण्यासारखी. जानेवारीत पृथ्वीजवळ आलेला मंगळ म्हणजे नारिंगी टिकली. बाजी मारली ती वसिष्ठानं. लग्नात अरुंधती दाखवतात हे सगळ्यांना माहीत, पण अरुंधती बाजूला ठेवून खुद्द वसिष्ठाचे दोन तारे झालेले बघून नववीतली एक मुलगी दुर्बिणीच्या पुढे जाऊन तोंडाशी काही लावलंय का ते तपासून आली.

तक्रारी आहेतच. फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) स्क्रू पहिल्याच महिन्यात झिजला, विक्रेत्यानं बदलून द्यायला सात आठवडे घेतले. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगरावर जीपमधून नेली तर आरसे हलले, प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलं. कोलिमेशनला, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत आणायला, त्या दिवशी पाऊण तास गेला, आता पाच मिनिटं लागतात. आरसा थंड व्हायला अर्धा तास आधी बाहेर काढावी लागते, आणि उचलायला दोघं लागतात. आरशावर धूळ दिसली म्हणून रुमाल घेऊन धावलेल्या शिपाईमामांना मी, ओरखडे पडतील म्हणून, अक्षरशः ओरडून थांबवलं.

सध्या पावसाळा. बुरशी नको म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून ती बंद आहे. पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर भाजते.

मुख्याध्यापकांनी विचारलं, पुढच्या वर्षी आठ इंची घ्यायची का? मी दोन १०×५० द्विनेत्री (दहा पट दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) मागितल्यात, रांगेत मागे उभ्या असलेल्यांसाठी. आणि एक न डुगडुगणारं स्टूल.