पानिपत ओठांवर, सीताबर्डी पायाखाली

पानिपत इथून कितीतरी लांब, तरी १७६१ आमच्या बोलीत मुरलंय. निवडणुकीत धुव्वा उडाला की नागपूरकरही म्हणतो, ‘पानिपत झालं!’

सीताबर्डीची लढाई तर घरची. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य, त्यातल्या अरब शिपायांसह, याच टेकड्यांवर इंग्रजांशी भिडलं. हरलं, आणि नागपूरचं राज्य कंपनीच्या मुठीत गेलं. आज बर्डी म्हटलं की आठवते ती खरेदी आणि मेट्रो. किल्ला लष्कराकडे, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्याच दिवशी लोकांना आत जाता येतं.

पराभव दोन्ही. पण पानिपताला बखरी लाभल्या, पोवाडे लाभले. मला मात्र ही टेकडीच जास्त जवळची वाटते. पोरांना पानिपत सांगण्याआधी एकदा इथे चढवून आणा.