सुंदरीच्या कसोटीवर तीन सिंथ

सोलापुरात ऑर्केस्ट्रासाठी किंवा भजनी मंडळासाठी सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे पट्ट्यांचे वाद्य) घेणारे बहुतेक वादक आधी ‘टोन, म्हणजे वाद्यात भरलेले आवाज, किती आहेत?’ असे विचारतात. प्रश्न गैर नाही. पण तयार टोन मनासारखा वळवता येतो का, हे तपासल्याशिवाय या वाद्यांतला खरा फरक कळत नाही. म्हणून रोलँड एक्सपीएस-१०, कोर्ग मिनिलॉग आणि यामाहा एमओडीएक्स ६ या तिघांवर मी एकच काम सोपवले : इथल्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेल्या सुंदरीच्या जवळ जाणारा आवाज घडवणे. सनईच्या कुळातल्या या लहानशा वाद्याचा सूर फुंकरीसरशी उमटतो, जोर वाढला की नुसता मोठा न होता अधिक टोकदार होतो आणि मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, कुठेही तुटत नाही.

एक्सपीएस-१० वर काम सर्वांत झटपट होते. सनईचा टोन घेऊन कटऑफ (आवाजाची धार कमीजास्त करणाऱ्या फिल्टरची मर्यादा) आणि अटॅक (सूर उमटायला लागणारा वेळ) थोडे हलवले की कार्यक्रमापुरते भागते. मात्र हा बदल वरवरचा असतो. यूएसबीवरून स्वतःचा ध्वनिमुद्रित नमुना भरता येतो खरा, पण एकच नमुना सर्व पट्ट्यांवर ताणला की वरच्या सप्तकात तो चिरका आणि खालच्या सप्तकात जड लागतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात गाण्यागणिक टोन बदलणाऱ्याला तरीही हेच वाद्य सोयीचे पडेल.

२०१६ साली आलेल्या मिनिलॉगमध्ये आवाज अॅनालॉग पद्धतीने, म्हणजे थेट विद्युत सर्किटांतून घडतो. चौकोनी लहर अरुंद केली, फिल्टर अर्धवट मिटवला आणि पोर्टामेंटो (सूर घसरत नेण्याची सोय) जोडला की नाकातला तो सूर चटकन सापडतो. शिवाय लहरीचा आकार छोट्या पडद्यावर दिसत असल्यामुळे शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. परंतु एका वेळी चारच स्वर, ३७ बारीक पट्ट्या आणि तयार सनई-तबला काहीच नाही. अॅनालॉग ऑसिलेटर (लहर निर्माण करणारी सर्किटे) तापमानाने सुरावरून सरकतात, त्यामुळे आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मांडवाखाली मधूनमधून ट्यूनिंग करून घ्यावे लागते.

सर्वांत खोल काम एमओडीएक्सवर होते. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथमध्ये सहा ऑपरेटर (लहर निर्माण करणारे घटक) आणि ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडण्याच्या रचना) होते. इथे आठ ऑपरेटर आणि ८८ अल्गोरिदम आहेत. दोन्हींतल्या एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतीत एक ऑपरेटर दुसऱ्याची वारंवारता हलवतो आणि ही हालचाल वाढवली की वरचे स्वरांश वाढतात, म्हणजे फुंकरीने सुंदरी टोकदार होते तोच परिणाम हाती येतो. सुपर नॉबला (एकाच वेळी अनेक सेटिंग बदलणाऱ्या मोठ्या बटणाला) ही हालचाल, फिल्टर आणि व्हायब्रेटो (सुराचे कंपन) एकत्र बांधले की एका फिरकीत सूर उमलतो. ते बांधताना पडद्यावरच्या सेटिंगांच्या पानांत वादक हरवतो, हेही खरे. दुसरी उणीव अशी की पट्ट्यांना आफ्टरटच (दाबलेल्या पट्टीवर आणखी जोर देऊन आवाज बदलण्याची सोय) नाही आणि दोन्ही हात वाजवण्यात गुंतले की नॉब कोण फिरवणार? सुपर नॉब पायाच्या पेडलवर घेता येतो. तेव्हा हे वाद्य घेताना पेडलची किंमत हिशेबात धरूनच दुकानात जावे.