आयएचए ७.१ : धरणाखालच्या नदीसाठी विसर्ग ठरवताना कामाचं, पण मूळ सेटिंगवर विसंबू नका

धरणाखाली नदीला किती पाणी सोडायचं, हा प्रश्न आला की आधी हाताशी येते ती टेनंट या अभ्यासकाने सुचवलेली टक्केवारी. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यावर नदी जेमतेम तग धरते, ३० टक्क्यांवर बरी राहते, ६० टक्क्यांवर उत्तम. हिशेब पाच मिनिटांत होतो, पण लोंढा किती दिवस टिकावा आणि किती वेगाने ओसरावा हे त्यातून कळत नाही. 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या निसर्गसंवर्धन संस्थेचं आयएचए (इंडिकेटर्स ऑफ हायड्रोलॉजिक अल्टरेशन, म्हणजे नदीच्या प्रवाहातल्या बदलाचे निर्देशांक) हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं तिथे उपयोगी पडतं. मात्र ते धरण होण्याआधीची आणि नंतरची नदी शेजारी ठेवून फरक मोजून देतं, एवढंच. किती पाणी सोडा, हे ते सांगत नाही. तो निर्णय आपला.

यामागची पद्धत ब्रायन रिक्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली. दैनिक प्रवाहाच्या नोंदींतून ३३ निर्देशांक निघतात : बारा महिन्यांचे प्रवाह, १, ३, ७, ३० आणि ९० दिवसांचे उच्चांक-नीचांक, कोरडे दिवस, उच्चांक-नीचांकाच्या तारखा, लोंढ्यांची संख्या आणि मुदत, चढ-उताराचा वेग. शिवाय प्रवाहाचे पाच भाग वेगळे काढून मिळतात : अति-नीच प्रवाह, नीच प्रवाह, लोंढे, लहान पूर, मोठे पूर. विसर्गाचा आराखडा करायला खरं तर हा दुसरा भागच जास्त कामाचा.

चुका बहुतेक वेळा माहिती भरतानाच होतात. किमान २० वर्षांच्या दैनिक नोंदी हव्यात. मधले दिवस गाळलेले असतील तर सॉफ्टवेअर दोन टोकं सरळ रेषेने जोडून टाकतं. उन्हाळ्यातल्या चार दिवसांना ते चालून जातं, पण पुराच्या दिवसांत माथाच कापला जातो. असं वर्ष सरळ वगळा.

नदीवर मापनकेंद्र नसलं की जलाशयाच्या पातळीवरून आवक काढतात. तिथे जास्त सावध राहायला हवं. जलाशयाचं क्षेत्र २० चौरस किलोमीटर असेल, तर पातळी वाचताना झालेली १ सेंटिमीटरची चूक म्हणजे २ लाख घनमीटर, म्हणजे त्या दिवसापुरते सेकंदाला २.३ घनमीटर. वाऱ्याने पाणी हललं तरी एवढा फरक पडतो. अशा नोंदींतून आलेला 'उलटफेर' (चढता प्रवाह उतरू लागणं किंवा उतरता चढू लागणं, असं किती वेळा झालं) हा निर्देशांक नदीचा नसतो, पातळी वाचणाऱ्याचा असतो! मासिक आकडे घ्या, चढ-उताराचे सोडून द्या.

मग जलवर्ष, म्हणजे प्रवाहाच्या हिशेबासाठी धरलेलं बारा महिन्यांचं वर्ष. मूळ सेटिंगमध्ये ते १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या सुमारास नदीला पूर असेल तर एकच पूर दोन वर्षांचा उच्चांक म्हणून मोजला जाऊ शकतो. वर्षाची सीमा पुराच्या किंवा ऐन कोरड्या दिवसांच्या मधून जाणार नाही, अशी निवडा. वर्षातला बराच काळ कोरड्या राहणाऱ्या नदीत आणखी एक गोची होते. नीच प्रवाहाची मर्यादा साधारणपणे २५व्या शतमकावर, म्हणजे सर्वांत कमी प्रवाहाचे २५ टक्के दिवस ज्याच्या खाली येतात त्या आकड्यावर, असते. तेच शून्य आलं, तर त्याच्या खाली प्रवाह जाणार कसा? नीच प्रवाहाचे प्रसंग शून्य दिसतात आणि नदी ठणठणीत वाटते. तिथे मर्यादा हाताने घालावी लागते.

आता आकड्यांवरून विसर्गाकडे. समजा नीच प्रवाह सेकंदाला १० घनमीटर आहे आणि ४० चा लोंढा ३ दिवस द्यायचा आहे. जादा पाणी लागतं ७.७८ दलघमी (दशलक्ष घनमीटर). पुढे ओसरणं येतं. ३३ निर्देशांकांतला ओसरण्याचा वेग समजा दिवसाला २ घनमीटर प्रति सेकंद निघाला. त्या वेगाने ४० वरून १० वर यायला १५ दिवस आणि आणखी १९.४४ दलघमी लागतात. म्हणजे मूळ लोंढ्याच्या अडीचपट पाणी नुसतं उतरवण्यात जातं. हा आकडा पाहिला की जलाशय चालवणारे बैठकीतच हात वर करतात, आणि त्यांचं चूक नसतं. तो वेग वर्षभरातल्या सगळ्या उतरत्या दिवसांचा असतो आणि त्यात संथपणे आटणारे दिवसच जास्त. लोंढ्यांचा ओसरण्याचा वेग प्रवाहभागांच्या तक्त्यात वेगळा दिलेला असतो. तो समजा ६ निघाला, तर ५ दिवस आणि ६.४८ दलघमी पुरतात. पाणी वाचवायला दारं एकदम बंद केली तर मासे डबक्यांत अडकतात आणि ओले काठ ढासळतात. म्हणून उतारात काटछाट नको. पाणी कमी असेल तर लोंढ्याचा एक दिवस कमी करा.

एखादा निर्देशांक धरणामुळे किती बदलला हे दाखवणारा बदलाचा अंक वाचायला सोपा आहे. धरणाआधीची वर्षं त्या निर्देशांकाच्या आकड्यानुसार कमी, मधल्या आणि जास्त अशा तीन सारख्या भागांत वाटली जातात. धरणानंतरच्या ३० वर्षांपैकी १० मधल्या भागात पडायला हवीत. ३ च पडली, तर अंक उणे ०.७. फक्त ३३ पैकी सगळेच सुधारायला जाऊ नका. जे दोन-तीन सर्वांत बिघडलेत आणि जे दारांच्या कामकाजाने बदलता येतात, तेवढेच धरा.

उणिवा ठळक आहेत. ७.१ ही आवृत्ती २००९ च्या सुमाराची आणि विंडोजवर चालणारी. दिसायलाही तेवढीच जुनी. मोठ्या संख्येने नद्या तपासायच्या असतील तर हेच निर्देशांक काढणारी आर या संगणकीय भाषेतली मोफत पॅकेजं बरी. पाण्याचं तापमान, प्राणवायू आणि गाळ यांचा इथे पत्ताच नाही. धरणाच्या तळाच्या विमोचकातून (पाणी सोडायच्या मार्गातून) थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी सोडलं तरी तक्त्यात सगळं ठीक दिसेल. सर्वांत मोठी मर्यादा दैनिक नोंदींची. मागणीच्या तासांतच वीज बनवणाऱ्या केंद्राखाली नदीचा प्रवाह सकाळी सेकंदाला ५ घनमीटर आणि संध्याकाळी ६० घनमीटर असू शकतो. सॉफ्टवेअरला दिसते ती दिवसाची शांत सरासरी. अशा ठिकाणी तासावारी नोंदी घेऊन चढ-उताराची मर्यादा वेगळी काढावी लागते, आणि ते काम आयएचएकडून होत नाही.