मेंदूची बायपास आणि न्यूरो आयसीयू, आमचा अनुभव

माझ्या ताईला मोयामोया आहे, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात आणि आजूबाजूला बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं, अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं म्हणून जपानमध्ये हे नाव पडलं. दोनदा तिचा उजवा हात बधिर होऊन परत ठीक झाला, मग डाव्या बाजूची बायपास ठरली. कानासमोरून डोक्याच्या कातडीत जाणारी रक्तवाहिनी आत घेऊन मेंदूवरच्या वाहिनीला जोडतात. सर्जरी छान झाली, सर्जनबद्दल तक्रार नाहीच, पण मला लिहायचंय ते आयसीयूतल्या सिस्टर्सबद्दल.

आम्हाला वाटलेलं ऑपरेशन झालं की स्ट्रोकची भीती संपली. तसं नसतं हो. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई मस्त बोलत होती आणि दुपारी पाणी मागायचंय तर शब्दच फुटेना, नुसती डोळ्यांनी बघतेय. आम्हाला वाटलं थकली असेल, पण सिस्टरने लगेच ओळखलं, हात उचलायला लावले, डॉक्टरांना बोलावलं आणि तासाभरात एमआरआय झालासुद्धा. नवीन स्ट्रोक नव्हता. वर्षानुवर्षं कमी रक्तावर चाललेल्या भागात एकदम जास्त रक्त गेलं की असं होऊ शकतं, हायपरपरफ्यूजन म्हणतात त्याला. आता बीपी चढलं तर रक्तस्रावाची भीती आणि फार उतरवलं तर बाकीच्या मेंदूला रक्त कमी पडून खराच स्ट्रोक, त्यामुळे त्या सिस्टर्स रात्रभर मॉनिटर बघून औषधाचा पंप कमीजास्त करत होत्या, डॉक्टरांशी फोनवर बोलत होत्या, आणि मध्येच येऊन मला समजावतही होत्या. सहाव्या दिवशी ताईने माझ्या मुलीचं नाव घेतलं, अडखळत, पण घेतलं. मी तिथेच रडले.

एक स्टार कापतेय तो डिस्चार्जसाठी. इंग्रजी कागद हातात दिला आणि दहा मिनिटांत मोकळं केलं. पाणी कमी पडू द्यायचं नाही, जुलाब-उलटी झाली तर घरी थांबायचं नाही, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, चष्म्याची काडी त्या बाजूला घट्ट बसता कामा नये कारण खालीच ती जोडलेली रक्तवाहिनी आहे, हे सगळं आम्हाला पुढच्या तपासणीत कळलं! ताई तोवर पंधरा दिवस तोच घट्ट चष्मा घालत होती. तुमचं माणूस तिथे असेल तर निघण्याआधी सिस्टरला गाठून हे सगळं मराठीत लिहून घ्या, त्या नाही म्हणत नाहीत.