मऊ ब्रेकवर बूस्टर गळ्यात मारला, तोही जुनाच

जुनी पिकअप चालवणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं माहीत आहे. ब्रेक लागतो, पण पॅडल निम्म्याच्या खाली गेल्यावर. पाय दाबला की स्पंजवर ठेवल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीनदा पंप मारला की पॅडल जरा वर येतं. माझी गाडी दहा वर्षांपुढची. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि ओतूर, माळशेजमार्गे कल्याणला उतरवायचे, हे तिचं नेहमीचं काम. लोड असताना मऊ पॅडल घेऊन माळशेज उतरणं बरं नाही म्हणून हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजला गाडी लावली. गॅरेज चकाचक, दोन लिफ्ट, बाहेर चहाची सोय.

तिथल्या मालकाने पॅडलवर पाय ठेवला न ठेवला आणि निकाल देऊन टाकला, "बूस्टर बसलाय शेठ. मास्टर सिलिंडरपण गेलाय. असं पॅडल घेऊन पासिंगला गेलात तर गाडी फेल होणार." आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, त्यामुळे पासिंगचं नाव घेतलं की आपण वाद घालत नाही, हे या लोकांना बरोबर कळतं. कच्च्या कागदावर आकडे लिहून दिले: नवीन बूस्टर 6,500, नवीन मास्टर सिलिंडर 2,800, ब्रेक ऑइल बदलून हवा काढणे आणि मजुरी 2,200. एकूण 11,500. मी हो म्हटलं. काम झाल्यावर पक्कं बिल मागितलं तर "संध्याकाळी व्हॉट्सॲपला टाकतो." जुने पार्ट मागितले तर "ते भंगारवाला घेऊन गेला." एवढ्या वेळात भंगारवाला येऊनसुद्धा गेला!

इथे थोडं थांबून बूस्टरचं सांगतो, कारण सगळी लबाडी त्यातच आहे. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि आपल्या पायाच्या जोराला जोड देतो. तो गेला तर पॅडल मऊ होत नाही, उलट दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबवायला जीव खाऊन दाबावं लागतं. म्हणजे मऊ पॅडलची तक्रार ऐकून जो पहिल्यांदा बूस्टरचं नाव घेतो, त्याला एकतर काम येत नाही किंवा तुमचं पाकीट दिसतंय. तपासायला पैसेही लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत पंप मारा, मग दाबून धरा आणि सेल मारा. पॅडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टरला जोर आहे.

मास्टर सिलिंडर म्हणजे पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. त्याची खूण वेगळी. पॅडल दाबून तसंच धरून ठेवलं आणि बाहेर कुठेही ऑइल गळत नसताना ते हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टरच्या आतले रबर गेलेत असं समजा. माझं पॅडल खाली बसत नव्हतं. पंप मारल्यावर वर येत होतं. ही लक्षणं ऑइलच्या पाइपात हवा धरल्याची किंवा मागचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमपासून लांब गेल्याची.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा मात्र पॅडल एकदम वर आणि टणक. दोन फेऱ्या मारून दाखवल्या, गाडी जागच्या जागी थांबत होती. हाताला, पायाला जे जाणवतं त्यावर माणूस विश्वास ठेवतो, आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात.

पुढच्याच लोडला माळशेज उतरताना जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग पॅडल प्रत्येक दाबाला थोडं थोडं खाली जायला लागलं आणि एका वळणावर जवळजवळ फ्लोअरला टेकलं. गाडी दुसऱ्या गिअरात, मग पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढत कशीबशी मोरोशीच्या अलीकडे कडेला घेतली. मागच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता. (तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचा सल्ला देणारे तिथेही भेटले. तसं कधी करू नका, ड्रमला तडा जातो.) तासभर गाडी गार झाल्यावर पॅडल पुन्हा पहिल्यासारखं टणक! त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो तर मालक पॅडल दाबून हसतो, "ब्रेक तर कडक आहे. लोड जास्त भरला असेल तुम्ही."

शेवटी गाडी ओतूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी टॉर्च लावून नुसतं बघितलं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेक प्लेटवर, हवा काढायचा निपल असतो. त्याच्या तोंडात चिखल वाळून दगड झालेला आणि षटकोनावर गंज जसाच्या तसा. "हा निपल वर्षभरात कुणी खोलला असेल तर मिशी काढीन," मिस्त्री म्हणाले. म्हणजे हवा काढण्याचे पैसे घेतले आणि हवा काढलीच नाही. मास्टर सिलिंडरच्या पाइपच्या नटांवरही पान्याची एक ताजी खूण नाही. बूस्टर काळा कुळकुळीत दिसत होता खरा, पण स्प्रेचे शिंतोडे शेजारच्या वायरिंगवर आणि व्हॅक्यूम पाइपच्या क्लिपवरसुद्धा उडालेले. नवीन पार्ट बसवल्यावर क्लिप कोण रंगवतो?

मग पॅडल वर कसं आलं? मागचे शू (ज्यांवर लायनर बसवलेले असतात) ॲडजस्टरने इतके आवळले होते की लायनर कायम ड्रमला घासत होते. जॅकवर घेतलेलं चाक हाताने फिरेना. लायनर आणि ड्रममधली फट संपली की पॅडल वर येतं आणि गेटवर दोन फेऱ्यांत सगळं झकास वाटतं. पण घासून ड्रम तापतो, ती उष्णता शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधल्या ऑइलला लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी धरल्यावर मात्र ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. माझं ऑइल तर काळं पडलेलं. ते उकळलं, पाइपात वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव, पॅडल पुन्हा वर. मालकाला हसायला मोकळं!

खरं दुखणं किरकोळ होतं. मागच्या उजव्या चाकाच्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट मिस्त्रींनी नखाने उचललं तर आतून ऑइल ओघळलं. तिथूनच गळत होतं, हवाही तिथूनच धरत होती. व्हील सिलिंडर बदलला, ऑइल लागलेले लायनर टाकून दोन्ही चाकांना नवीन घातले, चाक सुटं फिरेल इतपत शू लावले. मग हवा. आधी मास्टरपासून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मी पॅडलवर, मिस्त्री गाडीखाली. "मार... मार... धर. धरून ठेव. हां, सोड." निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. पारदर्शक नळीतून आधी काळं पाणी आणि बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ ऑइल. पार्ट, ऑइल, मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. जुना व्हील सिलिंडर त्यांनी न मागता पिशवीत घालून दिला.

निपलचे, स्प्रेच्या शिंतोड्यांचे फोटो मिस्त्रींनी काही खोलायच्या आधीच काढायला लावले होते. ते आणि ऑनलाइन पैसे दिल्याची पावती जोडून ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. गाडी धंद्याची म्हणून आपण ग्राहक नाही, असं गॅरेजवाल्याने ऐकवलं होतं. ते खोटं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे, आणि बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित प्रथा धरली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. आपण कामासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.

हेल्पलाइनवरून फोन गेल्यावर बूस्टरचे 6,500 परत आले, "चुकून लिहिलं गेलं" म्हणून. मास्टर सिलिंडर आणि हवा काढण्याचे पैसे द्यायला तो अजून तयार नाही, म्हणून आयोगाचे कागद भरतोय. गॅरेज सुरूच आहे, परवा जाताना बघितलं तर लिफ्टवर एक पिकअप चढवलेली होती.