सिक्युरिटी प्लसचा 'सराव संच' घेताय? आधी हे वाचा

कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी मी नोकरी सांभाळून, क्लास न लावता करत होतो. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला सराव परीक्षांची गरज पडतेच, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 'नव्या अभ्यासक्रमावर आधारित सराव संच, पास होण्याची हमी, नाहीतर पैसे परत' अशी जाहिरात पाहून मी एका वेबसाइटवरून तो संच विकत घेतला.

मुखपृष्ठावर चालू परीक्षेचा कोड होता, एसवायझिरो-७०१. आतल्या विभागांची नावं मात्र 'आर्किटेक्चर अँड डिझाइन', 'गव्हर्नन्स, रिस्क अँड कंप्लायन्स' अशी, म्हणजे आधीच्या एसवायझिरो-६०१ या परीक्षेची. ती परीक्षा जुलै २०२४ मध्येच बंद झाली. नव्या परीक्षेत सर्वात जास्त भार, २८ टक्के, 'सिक्युरिटी ऑपरेशन्स'वर आहे. त्या नावाचा विभागच संचात नव्हता.

उत्तरांची तऱ्हा त्याहून वाईट. एलडॅप म्हणजे नेटवर्कवरच्या वापरकर्त्यांची माहिती शोधायची पद्धत. सुरक्षित एलडॅपचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा ठरलेला क्रमांक, कोणता, याचं उत्तर ३८९ दिलं होतं. तो साध्या एलडॅपचा, सुरक्षितचा ६३६. पुढे तोच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा आला आणि तिथे उत्तर ६३६! स्पष्टीकरण कुठेच नाही. चूक दाखवायला शेजारी कोणी नसलेल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात असं चुकीचं उत्तर घट्ट बसतं. याचा मला सर्वात जास्त राग आहे.

मग फायरवॉलचे नियम लावायच्या प्रात्यक्षिक प्रश्नाचं चित्र आलं. धूसर, थोडं तिरकं, आणि वरच्या कोपऱ्यात परीक्षेची उरलेली वेळ. ते परीक्षेच्या स्क्रीनचं फोटोतलं चित्र होतं. सरावाच्या नावाखाली मला चोरलेले प्रश्न विकले होते. यातला धोका पैशांपुरता नाही. अशा साहित्यावर अभ्यास केल्याचं आढळलं तर कॉम्पटिया प्रमाणपत्र रद्द करू शकते आणि पुढच्या परीक्षांना बसायला बंदीही घालू शकते. तसा करार प्रत्येक उमेदवाराला मान्य करावा लागतो.

मी संच तिथेच बंद केला आणि पैसे परत मागितले. उत्तर आलं की हमी फक्त नापास झालेल्यांना, तीही गुणपत्रिका पाठवल्यावर, आणि पैशांऐवजी दुसरा संच मिळेल. जाहिरातीत यातलं काहीही नव्हतं. त्यानंतर त्यांनी मेलला उत्तर देणंच सोडलं. पैसे कार्डाने भरले होते, म्हणून जाहिरातीचे आणि मेलचे स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे तक्रार तरी करता आली. थेट खात्यावर पैसे पाठवायला सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

परीक्षेच्या उद्दिष्टांची पीडीएफ कॉम्पटिया स्वतः मोफत देते. कोणताही संच घेण्याआधी त्याची नमुना पानं मागा आणि विभागांची नावं त्या पीडीएफशी ताडून बघा. प्रत्येक उत्तराखाली, बाकीचे पर्याय का चुकले हे लिहिलेलं असायला हवं. आणि 'परीक्षेत आलेले खरे प्रश्न' असं कोणी म्हणत असेल, तर तो माल फुकट मिळाला तरी उघडू नका.